उसना आकडा

उत्तरेश्वररावांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, प्रेशर एकशे ऐंशीच्या खाली येत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "फार दिवस चढं राहिलं की शरीर त्यालाच बरोबर समजतं. त्रास होत नाही, म्हणून रोज सातला मोजून वहीत लिहा."

यांना ना लोणचं सोडायचं होतं, ना गोळी वाढवून घ्यायची होती. मग रोज सकाळी मशीनचा पट्टा माझ्या दंडाला बांधायचे आणि माझा आकडा आपल्या वहीत लिहायचे. वर टोमणा, "नवऱ्यासाठी एवढं तरी कर." मीही मूर्ख, मुकाट्याने बाही वर करायची.

मार्चमध्ये हे मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या सकाळी वहीत लिहिलंय, १२०/७८.

मशीन मी तेव्हाच वारज्यातल्या दवाखान्याला देऊन टाकलं. तरी रोज सातला माझा दंड आवळला जायचा, बोटांना मुंग्या येईपर्यंत.

काल मी चिडून ओरडले, "अहो, आता तरी स्वतःचं मोजा!"

आज सात वाजून गेले. दंडाला काहीच झालं नाही. मी बाही वर करून अजून बसले आहे.