चौथं कडवं

बाईंचं सगळं नाव निरोपाच्या गीतांवर झालं होतं. चर्चमधलं कुणी देवाघरी गेलं की पाळकांच्याही आधी बाईंकडे सांगावा यायचा. मग त्या घरचं माणूस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून गेलेल्याच्या तीन गोष्टी सांगायचं आणि बाई शेंगा सोलता सोलता ऐकायच्या. एका गोष्टीचं एक कडवं, अशी तीन. चौथ्यात त्या माणसाला प्रभूच्या हाती सोपवायचं. ते म्हणून झालं की मगच शवपेटीवर झाकण बसायचं.

शाळेशी बाईंचं फार दिवस जमलं नव्हतं, म्हणून वही-पेन सुनेच्या हाती. पण त्यांची गीतं रेडिओवर लागली, चार कॅसेटी निघाल्या, परगावच्या चर्चमधून बोलावणी आली. शिकलेसवरलेले गवई त्यांच्या सुरांना नाकं मुरडायचे आणि स्वतःच्या घरी कुणी गेलं की रुमाल घेऊन त्यांच्याच दारात उभे राहायचे. बाईंनी त्यांना ते कधी विसरू दिलं नाही.

गेलेल्याचं नाव मात्र त्या विचारायच्या नाहीत. नाव कळलं की त्याची उणीदुणी आठवतात आणि गीत नासतं, असं त्यांचं म्हणणं. नाव प्रभूला ठाऊक असलं म्हणजे झालं.

एका मंगळवारी दुपारी एक पाहुणी आली. तोंडओळखही नव्हती. लेकीसाठी गीत हवं म्हणाली. लेक पस्तीसची. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पाहुणीच तिशीच्या आतली दिसत होती. केस रंगवले असतील, बाईंनी मनात म्हटलं, कातडी कशाने रंगवली कोण जाणे.

पाहुणीने तीन गोष्टी सांगितल्या. लेक डाव्या हाताने कापड कापते. लक्षात ठेवायला रुमालाला गाठ मारते आणि गाठ कशासाठी ते विसरते. आणि झोपेत स्वतःचा अंगठा मुठीत धरते.

‘कापायची, मारायची’ असं न म्हणता ती ‘कापते, मारते’ म्हणत होती. दुःखात माणसाचं बोलणं चुकतं, म्हणून बाईंनी ते सोडून दिलं. माती कधी आहे, एवढंच विचारलं.

“तुमचं चौथं कडवं झालं की,” पाहुणी म्हणाली.

बाई गॅस बंद करायला वळल्या, परत बघतात तर स्टूल रिकामं. चहा तसाच, वर साय धरलेली. दाराची कडी आतून लावलेली. आपणच लावली असेल, बाईंनी स्वतःला समजावलं. वय झालं की हात डोक्याला न विचारता कामं उरकतात.

गीत मात्र असं आलं की बाईंचेच डोळे भरले. संध्याकाळी सून शिलाईच्या दुकानातून आली, गाण्याच्या कीबोर्डवर वही ठेवून लिहायला बसली. तिसरं कडवं उतरवताना तिला हसू फुटलं.

“मम्मी, ही डावरी कोण हो? गाठी मारणारी? सगळं माझंच आहे की. अंगठासुद्धा.”

“कसला अंगठा?”

“झोपेत धरते ना मी. आईने शिकवलं होतं. तिला दवाखान्यात नेताना म्हणाली, मी नसले की आपला अंगठा धरायचा, तो माझा समजायचा.” सून पेन उघडझाप करत म्हणाली, “सहा वर्षांची होते मी. ती अठ्ठावीसची. हं, चौथं सांगा.”

चौथं बाईंच्या जिभेवर तयार होतं, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. त्यांनी दातांखाली जीभ धरली. तोंडात रक्ताची चव आली.

“सुचत नाही,” त्या म्हणाल्या.

बारा वर्षांच्या संसारात सुनेने सासूच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये शवपेटी नव्हतीच. शेवटच्या बाकावर पाहुणी मात्र होती, हात मांडीवर ठेवून. बाईंनी तिच्याकडे बघत तीन कडवी गायली आणि खाली बसल्या. गायनमंडळी एकमेकांकडे पाहू लागली. उपासना सुटल्यावर बाईंनी पाहुणीला दाराशी गाठलं.

“सहा वर्षं तुझी होती. आता बारा वर्षं माझी आहे,” त्या म्हणाल्या. “गीत मिळायचं नाही.”

पाहुणीला राग आला नाही.

“मला घाई नाही,” ती म्हणाली.

त्यानंतर बाईंनी कुणाच्याच गीताला चौथं कडवं दिलं नाही. तोंड उघडलं की तेच बाहेर पडेल, ही धास्ती. लोक अर्धवट निरोप घेऊन घरी जायचे आणि चिडायचे. कॅसेटवाल्याने येणं सोडलं. पाळकांनी निरोपाचं काम एका कॉलेजातल्या मुलीला दिलं. म्हातारीचा झरा आटला, असं गायनमंडळीत त्यांच्या देखत बोललं गेलं. एरवी बाईंनी बोलणाऱ्याची सात पिढ्यांची उजळणी केली असती. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटचा बाक एकाही रविवारी रिकामा नव्हता.

परवा सकाळी सून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापड पसरून कापत होती. कात्री डाव्या हातात. काहीतरी गुणगुणत होती. बाईंनी चाल ओळखली आणि हातातलं भांडं तिथेच ठेवलं.

“मम्मी, त्या गीताचा शेवट सुचला मला,” सून खुशीत म्हणाली. “तुम्हाला नाही जमला, बघा. ऐका हं.”

तिने चौथ्याचं पहिलं अक्षर लावलं. बाईंनी ओला हात तिच्या तोंडावर ठेवला.

“असं मधूनच म्हणतात का?” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून म्हण.”

सून हसली आणि पहिल्यापासून म्हणू लागली. तिसरं संपत आलं तसं बाईंनी वरच्या पट्टीत पुन्हा पहिलं उचललं. मग पुन्हा. सून कंटाळली, दमली, थांबा म्हणाली. बाईंचा आवाज फाटत चालला होता. त्या गात राहिल्या. सुनेकडे बघून नाही, गॅसशेजारच्या स्टुलाकडे बघून.