गुरुजी बसले विद्यार्थ्यांत

मे महिन्याच्या ऐन तापात सौंसर आणि पांढुर्णा तालुक्यांतल्या इतिहास शिकवणाऱ्या सगळ्या मास्तरांना आणि मास्तरणींना सौंसरला बोलावणं आलं. नवं शिक्षण धोरण आलं होतं, त्याचं प्रशिक्षण होतं. सुट्टीत लग्नकार्यं सोडून शाळेच्या बाकावर बसायचं म्हटल्यावर कोण खुश होणार? मोहगावचे भाऊराव सोमकुंवर गुरुजी तर सगळ्यांत जास्त कुरकुरले.

"रिटायर व्हायले आलो मी," ते बायकोला म्हणाले. "आता मले कोण शिकवते इतिहास?"

"जा ना बाप्पा," वत्सलाबाई म्हणाल्या. "घरात बसून तरी काय करून राहिले? माह्या कुरड्याच मोजता."

गुरुजींचा स्वभाव गुर्मीखोर नव्हता, पण अभिमान होता, आणि तो रास्त होता. त्यांच्या वर्गातलं पोर झोपेतून उठवलं तरी घडघडा सनावळी सांगायचं. उत्तरं गुरुजींनी स्वतः बांधलेली असत, दोन-दोन वाक्यांची, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच चालत. बापाने म्हटलेलं उत्तर मुलगा म्हणे. मोहगावात कोणत्याही ओट्यावर बसून गुरुजींनी पहिला शब्द टाकला, की पुढचं वाक्य कोणीतरी पुरं करायचं.

पहिल्या दिवशी ते सौंसरच्या शाळेच्या हॉलमध्ये शिरले. खिडक्यांना ओली गोणपाटं लावली होती, तरी झळ आत येतच होती. मागच्या बाकावर बसून डुलकी काढावी, हा त्यांचा बेत. तेवढ्यात समोर फळ्याजवळ जी बाई उभी राहिली तिला पाहून त्यांची झोपच उडाली. मंगला! मंगला गजभिये, त्यांचीच विद्यार्थिनी. तिचे मायबाप दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि ती त्यांच्या सहावीच्या वर्गात पहिल्या रांगेत बसायची. आता सौंसरलाच इतिहास शिकवत होती, भोपाळला जाऊन महिनाभराचं प्रशिक्षण घेऊन आली होती, आणि आता तीच सगळ्यांना शिकवणार होती.

गुरुजी उठले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.

"का हो गुरुजी," मधुकर सर मागून म्हणाले. ते पांढुर्ण्याचे, घरी कापडाचं दुकान, जिभेला हाड नाही. "पुढं हवा लागून राहिली काय?"

"माही पोट्टी आहे ते," गुरुजी म्हणाले. "मोहगावची."

"असं काय! मंग आता तिले 'मॅडम' म्हणाल का 'मंगले'?"

"मॅडम म्हणीन. दहा वेळा म्हणीन. तुले काय तरास?"

शिबिराचे दिवस बरे चालले. मंगला सांगायची, की इतिहास पाठ करून घ्यायचा विषय नाही. मुलांनी पुरावा पाहावा, प्रश्न विचारावा, मग उत्तर काढावं. मास्तर लोक माना हलवत आणि चहाची वाट पाहत. मधुकर सरांना सौंसरचा चहा कधीच पटला नाही. "पांढुर्ण्यात शिबिर असतं तर निदान दूध तरी दिसलं असतं," असं ते रोज म्हणत, आणि सौंसरवाले रोज चिडत. गुरुजींना मंगलाचं बोलणं कानाला गोड लागे, पण आत शिरत नसे. आपली पोर एवढ्या लोकांसमोर न अडखळता बोलते, यातच ते रमले होते.

शेवटच्या दिवसाची गोष्ट वेगळी होती. भोपाळहून साहेब येणार होते. मंगलाने त्यांच्यासमोर नमुन्याचा पाठ द्यायचा. पाठ जमला, तर साहेब तिला आपल्या चमूत घेणार आणि ती दुसऱ्या जिल्ह्यांतल्या मास्तरांना शिकवायला जाणार. आमच्या भागातून अजून कोणी गेलं नव्हतं. आणि पाठ फसला, तर पुन्हा कोण कशाला विचारतं?

नमुन्याच्या पाठाची एक रीत असते. सुट्टीत मुलं कुठून आणणार? म्हणून शिबिरातले मास्तरच सहावीची मुलं होऊन बसतात. आणि एकदा मुलं व्हायची परवानगी मिळाली, की पन्नाशीचा मास्तरही असा उंडारतो, की खरी पोरं परवडली.

आदल्या दिवशी शिबिर सुटल्यावर मंगला मोहगावला गुरुजींच्या घरी आली. वत्सलाबाईंनी पन्हं दिलं. तिने पेला हातात धरला, पण प्यायली नाही.

"गुरुजी, एक मागणं आहे. उद्या तुम्ही मुलांमध्ये बसू नका. साहेबांजवळ खुर्चीवर बसा."

"कायले? मागं ते पांढुर्णेवाले गोंधळ घालतील. मी पुढं असलो तर जरा दबून राहतील."

"तसं नाही, गुरुजी. तुम्ही बाकावर दिसले का मी मास्तरीण राहत नाही. माहे हात आपोआप मागं जातात, पाढे म्हणायले उभी असल्यावानी."

गुरुजी हसले. "पागल झाली काय? मी चूप बसतो. तोंड उघडत नाही. मंग तर झालं?"

"यायले चूप बसणं जमते?" वत्सलाबाई आतून म्हणाल्या. "लगनातही मंगलाष्टकं यांनीच पुरी केली होती."

मंगला हसली, पण जाताना तिचा चेहरा उतरलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी साहेब मागे खुर्चीवर बसले. त्यांना मराठी समजे, बोलत मात्र हिंदीत. गुरुजी पहिल्या बाकावर, हाताची घडी घालून. मंगलाने फळ्यावर खडूने रामाकोन्याचं स्टेशन काढलं. अरुंद रुळांच्या छोट्या लाइनचं स्टेशन, सगळ्यांच्या ओळखीचं. एका बाजूला माणसांची बसायची एवढीशी खोली. दुसऱ्या बाजूला मालाचा लांबलचक फलाट, वर पत्र्याचं छप्पर.

"मुलांनो, इंग्रजांच्या काळात ही आगगाडी आपल्याकडे आली. कोणासाठी आली असेल? चित्राकडे पाहून सांगा."

"बाई, यानं माही पट्टी घेतली!" मधुकर सर ओरडले. हॉल हसला.

"मधुकर, पट्टी त्याच्याकडेच राहू दे. तू पुढे ये आणि या चित्रात मोठं काय दिसतं ते सांग."

मधुकर सर आले, 'फलाट' म्हणून गेले. सुरुवात चांगली झाली. मंगला रांगेने एकेकाला विचारू लागली. गुरुजींशेजारच्या नलिनीबाईंना विचारलं, मग गुरुजींना ओलांडून पलीकडच्याला विचारलं. दुसरा प्रश्न आला, पुन्हा गुरुजींना ओलांडलं. तिसऱ्यांदा तर तिची नजर त्यांच्यापाशी येऊन अशी सरकली, जसा हात तापलेल्या चुलीवरून सरकतो.

ही गोष्ट लपते होय? मधुकर सरांनी हेरली.

"बाई, भाऊरावले नाही विचारत! तो लाडाचा आहे काय?"

"हाव बाई, त्याले नाही तर आम्हालेही नाही!" आणखी दोघं ओरडले.

मंगला थबकली. हातातला खडू तिने उगाचच फिरवला. पुढचा प्रश्न विचारला, पण आवाज खाली गेला होता. कोणी उत्तर देईना. सगळे तोंड दाबून तिच्याकडे आणि गुरुजींकडे पाहू लागले. मागे साहेबांनी घड्याळ पाहिलं.

गुरुजी बाकाच्या कडेला सरकले. पोरीचा पाठ डोळ्यांदेखत बसत चालला होता. चूप बसायचं कबूल केलं होतं खरं, पण आता चूप बसणं म्हणजे तिला बुडू देणं. एक चांगलं, पक्कं उत्तर मिळालं तर गाडी पुन्हा रुळावर येईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी हात वर केला.

मंगलाला आता इलाज उरला नाही. तिने मानेनेच खूण केली.

गुरुजी उभे राहिले. छाती पुढे, हाताची घडी, अगदी शिकवल्यासारखे. "इंग्रज सरकारने जनतेच्या सोयीसाठी आगगाडी सुरू केली. त्यामुळे प्रवास सुखाचा झाला आणि व्यापार वाढला."

खणखणीत म्हटलं आणि बसले. हे त्यांचं स्वतःचं बांधलेलं उत्तर होतं. मंगलानेही सहावीत हेच लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. आता ती 'शाब्बास' म्हणेल आणि पुढे जाईल, असं गुरुजींनी धरलं. हॉलमध्येही सगळ्यांनी तेच धरलं.

मंगलाने फळ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. मग खडू टेबलावर ठेवला.

"भाऊराव, उभा राहा."

हॉलमधलं हसू जिथल्या तिथे थांबलं. गुरुजी उभे राहिले.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या गुरुजींनी," गुरुजींच्या तोंडून निघून गेलं.

असा हशा उठला, की खिडकीवरचं गोणपाट हललं असेल. मंगला मात्र हसली नाही. तिचे कान लाल झाले होते.

"गुरुजींनी सांगितलं म्हणून ते बरोबर?"

अख्ख्या नोकरीत गुरुजींना असं कोणी विचारलं नव्हतं.

"तुझं उत्तर चूक आहे, भाऊराव. चित्रात तसं दिसत नाही. पुन्हा बघ."

गुरुजींना आधी झोंबलं. खोटं कशाला सांगा, चांगलं झोंबलं. पण उभं केलं होतं, बघायला सांगितलं होतं, म्हणून ते बघू लागले. रामाकोन्याच्या त्या स्टेशनावर त्यांनी आयुष्यभर गाडीची वाट पाहिली होती. बसायची खोली बायाबापड्यांनीच भरून जायची. बाकीचे उन्हात, गाठोडं डोक्यावर धरून. त्या उन्हाला त्यांनी आजवर नुसतं ऊन मानलं होतं, त्यात प्रश्न पाहिला नव्हता.

"बाई," ते हळू म्हणाले, "छप्पर मालावर आहे. माणसं उन्हात."

"मग?"

"मंग... ज्याच्यावर छप्पर, त्याच्यासाठीच गाडी असंल. मँगनीज, कोळसा, लाकूड. माणसं आपली मागून बसली."

"एवढ्यावरून नक्की झालं?"

गुरुजी पुन्हा फळ्याकडे वळले. मग त्यांचे डोळे चमकले. "नाही बाई. अर्धंच झालं. छप्पर नंतरही टाकलं असंल. मालगाड्या किती जात, अन् माणसांच्या किती, ते पाहावं लागंल."

"ते कोणाला विचारायचं?"

"माह्या आजोबाले विचारा!" रामाकोन्याच्या अलकाबाई मागून ओरडल्या. "ते तिथंच माल चढवत!"

"आजोबा खरंच सांगतील कशावरून?" मधुकर सर उठून उभे राहिले. आपण पोर आहोत हे ते विसरलेच. "तिगावले मोठी लाइन आहे, तिथंही असंच आहे काय ते आधी पाहा!"

"तिगावचं कायले? इथलं बोल ना!" सौंसरवाले उसळले.

झालं. पाठ पेटला. कोणी फळ्यापाशी धावलं, कोणी बाकावर मूठ आपटली. मंगला मध्ये उभी राहून फक्त विचारत होती, "कशावरून? आणखी काय पाहिजे?" तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना.

साहेब उठून पुढे आले. "मैडम, सच बताइए. सामने वाले बुज़ुर्ग को आपने पहले से सिखा रखा था न?"

"इनको कौन सिखाएगा, साहब!" मंगलाच्या आधी मधुकर सरच बोलले. "पूरी नौकरी यही जवाब लिखवाते आए हैं!"

साहेब खळखळून हसले. मग मंगलाला म्हणाले, "जून में जबलपुर चलना है आपको. तैयारी रखिए."

शिबिर सुटल्यावर चार मास्तर गुरुजींभोवती जमले. "जाऊ द्या गुरुजी, मनाले लावून घेऊ नका. नवी पोट्टी आहे," असं म्हणू लागले. तेवढ्यात मंगला आली आणि पायाशी वाकली.

"गुरुजी, माफ करा. मले दुसरं सुचलंच नाही."

"उठ आधी. माफी कायची?" गुरुजी म्हणाले. "तू शाब्बास म्हणाली असती ना, तर आज तुह्याशी बोललो नसतो. अन् हे पाहा, जबलपूरले जायच्या आधी घरी ये. तो प्रश्न कसा पाडायचा, ते मले सावकाश दाखव. जूनमध्ये माही सहावी आहे."

मंगलाने मान हलवली.

संध्याकाळच्या बसमध्ये गुरुजींना जागा मिळाली ती एका अनोळखी शेतकऱ्याजवळ. बस सुटताच गुरुजींनी त्याला कोपराने हलवलं.

"माह्याजवळ सहावीत होती ते पोट्टी. आता जबलपूरले मास्तर लोकायले शिकवायले जाते. अन् आज तिनं मले, भर वर्गात, साहेबासमोर उभं करून चूक म्हटलं!"

शेतकऱ्याने वळून पाहिलं. "मंग... राग नाही आला तुम्हाले?"

"राग?" गुरुजी सरसावून बसले. "तुह्या मास्तरले तू चूक म्हणू शकतो काय?"

"नाही बाप्पा! तंगडं मोडलं असतं त्यानं."

"हां," गुरुजी म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत हसले. मग त्याच्या पलीकडे बसलेल्या बाईला ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी सगळं पहिल्यापासून, जरा मोठ्याने, पुन्हा सांगायला घेतलं.