हात राखून भरलेली काडतुसं

सुधाकर तसा भित्रा माणूस, आणि हे तो स्वतःही नाकारत नसे. पामर्स्टन नॉर्थमधल्या जुन्या इमारती भूकंपात टिकतील का, हे तपासायचं त्याचं काम. दिवसभर वाईटात वाईट काय होईल याचा विचार करायचा आणि त्याचाच पगार घ्यायचा. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर रिव्हॉल्व्हर चालवायला शिकतोय म्हटल्यावर पुण्यातल्या भावाला फोनवर हसू आवरेना. "अरे, झुरळ मारायला तू कांचनवहिनीला हाक मारायचास!" भाऊ म्हणाला, आणि मग त्याने घाईने विषय बदलला. कांचनला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

खरं तर हौस मैत्रेयीची. सुधाकरची ही एकुलती एक लेक क्राइस्टचर्चला शिकत होती, तेव्हाच आई गेली. शिक्षण संपल्यावर तिने तिथल्या रिकार्टन भागातली खोली सोडली, इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी धरली आणि बापाजवळ राहायला आली. घरात दोघं बोलत ते कचऱ्याच्या डब्यांबद्दल, नाहीतर वाऱ्याबद्दल. आईबद्दल ती विचारत नसे, हा सांगत नसे. मग मैत्रिणीच्या नादाने ती गावाबाहेरच्या पिस्तूल क्लबात जायला लागली आणि एक दिवस म्हणाली, "बाबा, कम अलाँग." सुधाकर गेला. पोलिसांची तपासणी, परवाना, सगळे सोपस्कार त्याने निमूटपणे पार पाडले. दर शनिवारी तिच्याशेजारी उभं राहायला मिळायचं, एवढंच त्याला पुरेसं होतं. तिथेही बोलणं होत नसे, पण निदान गप्प राहायला कारण असे, दोघांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ्स असत.

आणि नेमकी एप्रिलमध्ये नदीकाठच्या रस्त्यावर वाऱ्याने तिची सायकल आडवी केली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी दुकानातली काडतुसं उडवली की मनगटातून कळ जायची.

"इट किक्स हीप्स, बाबा," ती म्हणाली. "आय माइट जस्ट स्टॉप फॉर अ व्हाइल."

सुधाकरने हिशेब केला. ही थांबली की शनिवार गेला, आणि शनिवार गेला की या घरात दोन भाडेकरू उरणार. त्याने ठरवलं, काडतुसं घरी भरायची. तिच्या मनगटाला सोसतील अशी, मऊ.

क्लबातली शेरिल त्याला शिकवायला तयार झाली. शेरिल निवृत्त दंतवैद्य, शनिवारी फायरिंग लाइनची जबाबदारी तिच्याकडेच. तिने गॅरेजमध्ये येऊन काडतुसं भरायचा प्रेस बसवून दिला, पावडर मोजायचा काटा लावून दिला आणि भरण्याच्या आकड्यांचं जाडजूड पुस्तक त्याच्यासमोर उघडलं.

"तुझी हीच गोळी आणि हीच पावडर शोध," ती म्हणाली. "दुसऱ्या गोळीचा आकडा हिला चालत नाही. नेटवर कुणी काय छातीठोकपणे सांगितलंय तेही चालत नाही. हा बघ सुरुवातीचा आकडा आणि हा शेवटचा. सुरुवातीच्या आकड्याला भर, थोडीच भर, एकेक उडवून बघ. शेवटचा आकडा म्हणजे छत, सुरुवातीचा म्हणजे जमीन. छत फोडायचं नाही आणि जमीनही खोदायची नाही."

सुधाकरने मान डोलावली. काडतुसाच्या पितळी पुंगळीत पावडर इतकी तळाला बसते की चुकून दोनदा पडली तरी मावते, हे तर त्याने दोनदा विचारून घेतलं. त्या दिवसापासून तो प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून डोकावायला लागला. छताची भीती त्याला पुरती कळली. जमिनीचं मात्र त्याने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

त्याचंही नवल नव्हतं म्हणा. त्याचं सगळं आयुष्य इमारतींवरचा भार कमी करण्यात गेलेलं, भार कमी तेवढा धोका कमी. आणि घरात वीस-पंचवीस वर्षं कांचनचं ऐकलेलं: "मीठ हात राखून घालावं. वरून घेता येतं, पडलेलं काढता येत नाही." हे वाक्य सुधाकरने स्वयंपाकघरापुरतं ठेवलं नव्हतं. लेकीचं कौतुक हात राखून, रागावणं हात राखून, वाईट बातमी तर फारच हात राखून.

पहिली काडतुसं त्याने पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्याला भरली आणि आधी स्वतः उडवली. एक उडवायची, कागदावर भोक पडलं का बघायचं, मगच दुसरी. सगळं ठीक झालं. मग मैत्रेयीने काही उडवली आणि मनगट चोळलं.

"मच बेटर. अजून थोडं दुखतं, बट सो गुड, बाबा."

ते 'अजून थोडं दुखतं' त्याच्या डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी गॅरेजमध्ये बसून त्याने माप आणखी खाली आणलं, पुस्तकातल्या आकड्याच्याही खाली. आणि उडवून बघितलं नाही. जास्तीचं सुरक्षित निघालं, मग कमीचं काय तपासायचं? भूकंपाला भिऊन शाळांच्या भिंतींना पोलाद लावणारा हा माणूस एवढं साधं गृहीत धरून मोकळा झाला.

शनिवारी वेळ लावून मारायची फेरी होती. सहा गोळ्या, काही सेकंदांत. सुधाकर मागे प्रेक्षकांच्या रेषेवर उभा होता. लाइनवर पाच-सहा जण एकदम मारत होते, आवाजात आवाज मिसळत होता. मैत्रेयीच्या पहिल्या तीन गोळ्या सुरेख गेल्या. तिचे खांदे सैल पडलेले त्याला मागून दिसले आणि त्याला फार बरं वाटलं.

चौथ्या वेळी तिने चाप ओढला, पण हात हललाच नाही.

आवाज आला तो एवढासाच, शेजारच्यांच्या धडाडधूममध्ये बुडालेला. सुधाकर त्या न हललेल्या हाताकडे बघत राहिला. मऊ झाली, हेच तर हवं होतं, असं क्षणभर त्याला वाटलंसुद्धा. मग त्याने समोरच्या कागदाकडे पाहिलं. तीनच भोकं. आणि रिव्हॉल्व्हरचा घोडा पाचव्या गोळीसाठी मागे जायला लागला होता.

"मैतू, थांब!"

क्लबात ओरडायचे शब्द इंग्रजीत ठरलेले होते आणि त्याला ते पाठही होते. पण तोंडून निघाला तो ती लहान असताना रस्त्यात तिचा दंड धरताना निघायचा, तोच आवाज. मैत्रेयीचं बोट चापावरून सुटलं. शेरिलला शब्द कळला नाही, पण बापाचा चेहरा कळला, तिने शिट्टी फुंकून सगळी लाइन थांबवली.

शेरिलने मैत्रेयीच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, रिकामं केलं आणि नळीच्या तोंडाकडून पितळेची सळई आत सरकवली. सळई अर्ध्यावर अडली. चौथी गोळी नळीत रुतून बसली होती.

"सिलिंडर आणि नळीच्या मध्ये फट असते," शेरिल शांतपणे म्हणाली. "पावडर फार कमी असली की जोर त्या फटीतूनच निघून जातो आणि गोळी मध्येच बसते. पाचवी तिच्यावर जाऊन आदळली असती तर नळी फुटली असती." ती मैत्रेयीच्या बोटांकडे बघत होती. मग सुधाकरकडे वळली. "काय भरलं होतंस?"

त्याने खरं सांगितलं. "मला वाटलं, कमी म्हणजे सेफ."

"जमीन म्हणाले होते मी," शेरिल म्हणाली. एवढंच. ती चार लोकांसमोर फाडफाड बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

गाडीत मैत्रेयी खिडकीबाहेर बघत होती. गाव जवळ आलं तेव्हा तिने तोंड उघडलं.

"यू डिडन्ट इव्हन टेस्ट देम."

"नाही."

"तू प्रत्येक गोष्टीत हेच करतोस, बाबा." ती मराठीत बोलत होती, अडखळत, शब्द शोधत. "आई आजारी होती तेव्हा फोनवर काय म्हणालास? थोडं इन्फेक्शन आहे, परीक्षा दे, मग ये. आय बिलीव्ह्ड यू. मी परीक्षा दिली. आणि आले तेव्हा ती बोलत नव्हती." तिने डोळे पुसले नाहीत. "तुला वाटलं, कमी सांगितलं की मला कमी लागेल."

सुधाकरने गाडी घराकडे वळवली.

घरी आल्या आल्या तो गॅरेजमध्ये गेला. भरलेली काडतुसं उघडायला एक हातोडीसारखं अवजार असतं, काडतूस त्यात अडकवून आपटलं की गोळी सुटून येते. तो एकेक काडतूस घेऊन आपटत बसला. प्रत्येकातून चिमूटभर पावडर पडायची. हे मी भरलं. हे मी माझ्या लेकीच्या हातात दिलं, तिला दुखू नये म्हणून.

दार उघडून मैत्रेयी आत आली. कोपऱ्यातली बादली पालथी घालून बसली आणि सुटलेल्या गोळ्या डब्यात टाकायला लागली.

"बाबा," तिने विचारलं, "आईने माझ्याबद्दल विचारलं होतं?"

सुधाकरचा हात हवेतच थांबला. जिभेवर उत्तर तयार होतं, दोन वर्षं घोटून ठेवलेलं: ती झोपूनच होती गं, तिला काही कळत नव्हतं. मऊ उत्तर. तिला सोसेल असं. त्याने समोरच्या पितळी पुंगळीतल्या त्या चिमूटभर पावडरीकडे पाहिलं.

"विचारलं होतं," तो म्हणाला. "वॉर्डचं दार वाजलं की विचारायची, मैतू आली का. मी म्हणायचो, येतेय. शेवटी म्हणाली, तू तिला बोलावलंच नाहीयेस ना? मी गप्प बसलो. मग तोंड फिरवून रडली. मी बोलावलं नव्हतं, मैतू. तुझ्या परीक्षेच्या आधीच्या मंगळवारीच मला डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं."

मैत्रेयी वाकली, कपाळ गुडघ्यांना टेकवलं आणि मोठ्याने रडली. आईच्या अंत्यविधीतही ती अशी रडली नव्हती. सुधाकरला वाटलं, संपलं. आता ही उठेल, सामान बांधेल, आणि तिचं चुकणार नाही. तिला थोपटायला त्याने हात उचलला आणि धीर न होऊन खाली ठेवला.

खूप वेळाने तिने मान वर केली. चेहरा सुजला होता.

"आणखी सांग," ती म्हणाली. "सगळं सांग, बाबा."

सुधाकरने हातातली हातोडी खाली ठेवली, स्टूल ओढून तिच्यासमोर बसला आणि मंगळवारपासून सांगायला सुरुवात केली.