मांडुळाचं अंथरूण

साप जेवत नाही म्हणून नवरा जेवत नाही, असं कुणाच्या नशिबी आलंय का हो? माझ्या आलं. चौसष्ट साली.

आमचे हे, मुश्ताक, दुबईच्या धक्क्यावर दिवसभर हमालांवर ओरडायचे आणि तिथल्याच देरा भागातल्या आमच्या खोलीवर मुके होऊन यायचे. एके दिवशी चहाच्या खोक्यातून मांडुळाचं पिल्लू घेऊन आले. "बिनविषारी आहे गं अन्वरी!" तौबा! पण त्या पिल्लाशी हे घडाघडा बोलायला लागले, म्हणून मी गप्प बसले.

त्याच्या खाली अंथरायचं काय? माझी जुनी ओढणी घातली, तर पिल्लू तिच्यात गुरफटलं. गलबतं बांधतात तिथला भुसा आणला, त्याला तेलाचा वास. मग ह्यांच्या ऑफिसात कुणीतरी म्हणालं, मांडूळ वाळूत राहतं. यल्ला, चला! गोणी घेऊन आम्ही दोघं समुद्रावर. ती वाळू काही सुकेना आणि पिल्लाच्या पोटावर लाल चट्टे उठले.

बारा दिवस त्यानं समोर सोडलेल्या पालीला तोंड लावलं नाही. ह्यांनी ताट सरकवलं. "ते उपाशी, माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"आणि माझ्या उतरतो होय?" मी कडाडले. पण खरं सांगते, घाबरले होते. पिल्लू मेलं तर हे पुन्हा मुके होणार.

दुसरी गोणी आणली तेव्हा दारात जमाल भेटला, गाढवावरून पाणी विकणारा.

"ये क्या है?"

"रेत. साप के लिए," हे म्हणाले. "समुंदर से लाया."

जमाल गाढवाच्या गळ्यात पडून हसला. मग ह्यांना खांदे धरून मागे वळवलं. शेवटच्या झोपडीपलीकडे आभाळापर्यंत वाळूच वाळू.

"और ये क्या है, हबीबी?"

आम्ही रत्नागिरीची माणसं. वाळू म्हटलं की पाय समुद्राकडेच वळणार. रोज सकाळी मी तीच कोरडी वाळू घरातून झाडून काढत होते, पण डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ!

खोक्यात ती भरली. पिल्लानं सूर मारला, वर नुसते डोळे. ह्यांनी पाल सोडली. खलास! एका झडपेत गट्टम.

"जेवलं गं, जेवलं!" हे खोलीभर नाचले. "वाढ लवकर, पोटात कावळे ओरडतायत!"

आणि मी रागानं त्या दिवशी चूलच पेटवली नव्हती. हसत, डोळे पुसत भाताचं आधण ठेवलं. हे शेजारी उकिडवे बसले आणि धक्क्यावरचं सगळं मला सांगायला लागले. भात सावकाश शिजावा म्हणून मी हळूच जाळ कमी केला.