नुसती फुंकर

"आई, ते आधी पर्समध्ये टाक," लेक दबक्या आवाजात म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

फुंकरबाईंच्या मांडीवर हेडफोन होते. काळे, जावयाचे, एका बाजूला चिकटपट्टीचे तीन वेढे दिलेले. पुढून हवाईसुंदरी प्रत्येकाला सीलबंद पाकिटातले हेडफोन वाटत येत होती आणि आता ती चार ओळींवर येऊन ठेपली होती.

"असू दे गं. मला यांची सवय आहे."

"कसली सवय? तू गाणी ऐकतेस रेडिओवर, तीही भांड्यांच्या आवाजात. आणि आज तर तुझ्याच शेडमधले हेडफोन मिळणारेत!"

त्यात खोटं काही नव्हतं. विमानतळाच्या मागच्या अंगाला एक लांबलचक शेड होती. उतरलेल्या विमानांमधले वापरलेले हेडफोन पोत्यांनी तिथे यायचे. वायरींचा गुंता सोडवायचा, जुने फोम काढून फेकायचे, स्पिरिटच्या बोळ्यानं आतली वाटी पुसायची, दोन्ही बाजू वाजतात का ते बघायचं, नवे फोम चढवायचे आणि पाकिटात घालून सील मारायचं. फुंकरबाईंनी हे सव्वीस वर्षं केलं. स्पिरिट लवकर वाळावं म्हणून त्या प्रत्येक वाटीवर हलकीशी फुंकर घालायच्या. त्यावरून टेबलावरच्या बायकांनी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर बाई मागे वळून बघायच्या, कुणाला बोलावतायत म्हणून. गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाला कंपनीनं दोन तिकिटं दिली. आयुष्य विमानांच्या शेजारी गेलं, पण विमानात पाऊल पडायला निवृत्त व्हावं लागलं.

लेक नर्स होती. वॉर्डात नव्या मुली आल्या की पहिल्या दिवशी त्यांना सांगायची, "पुसणं मी माझ्या आईकडून शिकले. वरवर नाही, कोपऱ्यातून." गेल्या वर्षी जावयानं हे कौतुकानं घरी सांगितलं, तेव्हा फुंकरबाईंना दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. लेकीला वाटलं, आईला भरून आलं असेल.

पाकिटं मिळाली. लेकीनं आपलं फाडून हेडफोन डोक्यावर चढवलेसुद्धा, आणि आईकडे बघून ती अशी हसली की बाईंनी उगाच पट्टा आवळून घेतला.

खिडकीपाशी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं म्हणे, ते आता मुलगा बघत होता. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"हे स्वच्छ असतात का हो?" ते म्हणाले. "नाही म्हणजे, महिन्यापूर्वीच या डाव्या कानाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरनं बजावलंय, कानाला जरासुद्धा घाण लागता कामा नये. माझे स्वतःचे हेडफोन न्यायचे म्हणून आठवणीनं टेबलावर काढून ठेवले आणि आठवणीनं तिथेच विसरलो!"

लेकीनं एका कानावरचं बाजूला केलं. "काका, डोळे मिटून घाला. हे सगळे माझ्या आईच्या टेबलावरून येतात. सव्वीस वर्षं हेच काम केलंय तिनं. तिच्या हातून धुळीचा कण सुटायचा नाही."

"अरे वा! मग तर प्रश्नच मिटला," गृहस्थ म्हणाले. आयुष्यभर बारीक स्क्रू शोधलेली त्यांची नजर मात्र बाईंच्या मांडीवर गेली. "मग तुम्ही स्वतःचे का आणलेत?"

प्रश्न साधाच होता. त्यात खोच नव्हती, टोमणा नव्हता. पण फुंकरबाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"सवय आहे," त्या पुटपुटल्या.

"आणि ही दोन टोकांची जोडपिनपण? खुर्चीला दोन भोकं असतात, साधी पिन बसत नाही, हे आम्हाला इथे आल्यावर कळतं. तुम्ही अगदी जय्यत तयारीनं निघालात!" ते मोकळेपणानं हसले.

बाई हसल्या नाहीत. चोराच्या मनात चांदणं. ती जोडपिन त्यांनी शेवटच्या दिवशी शेडमधूनच आणली होती.

दोन वर्षांपूर्वी विमानं वाढली. पोत्यांची रास छताला टेकायला लागली आणि माणसं होती तेवढीच राहिली. एका सकाळी सुपरवायझर टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाई, फोम नवा, पाकीट नवं. आतली वाटी कोण बघायला जातंय? झाकली मूठ सव्वा लाखाची." स्पिरिटचे डबे येणं हळूहळू बंद झालं. बाई टेबलाच्या प्रमुख होत्या. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर बाकीच्या बायका मागे उभ्या राहिल्या असत्या, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं आणि आताही माहीत होतं. पण निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. कशाला वाकड्यात शिरा? बाईंनी कानाडोळा केला. पुसणं गेलं, फुंकर तेवढी राहिली. नव्या आलेल्या मुलींना त्यांनी शिकवली तीही नुसती फुंकर. जुना फोम काढ, फू कर, नवा चढव, सील मार. मुली चटपटीत होत्या, दोन दिवसांत शिकल्या.

गृहस्थांनी पाकीट फाडलं. उजव्या बाजूचा फोम बोटानं दाबून पाहिला, मान हलवली आणि हेडफोन उचलले.

अजून गप्प बसता आलं असतं. खाली उतरल्यावर हे गृहस्थ कोण आणि आपण कोण. लेक गाण्यावर मान डोलावत होती. तिच्या नजरेतून उतरण्यापेक्षा विमानातून उतरणं सोपं, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. मग त्यांना त्या डाव्या कानामागची टाक्यांची ताजी रेघ दिसली.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "घालू नका ते."

गृहस्थांचे हात अधांतरीच राहिले.

"वरचा फोम नवा असतो. आत पुसलेलं नसतं."

"पण आत्ताच ह्या म्हणाल्या..."

"तिला माहीत नाही."

लेकीनं हेडफोन गळ्यात ओढले. "आई, काय बोलतेयस तू?"

"तुझी ती हात पुसायची बाटली दे."

लेकीनं पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढून दिली, पण नजर आईच्या तोंडावरून हलवली नाही. बाईंनी गृहस्थांच्या हातातून हेडफोन घेतले. दोन्ही फोम नखानं अलगद सोडवले. रुमालाच्या टोकाला पीळ देऊन तो ओला केला आणि वाटीच्या कडेनं, मग जाळीवरून, मग खाचेतून फिरवला. सव्वीस वर्षांचा हात होता, तो काही विसरला नव्हता. रुमाल पांढरा होता. टोक काळंपिवळं होऊन बाहेर आलं. बाईंनी दुसरं टोक घेतलं, मग तिसरं. रुमालाची टोकं संपली तेव्हा कुठे वाटी स्वच्छ झाली. सवयीनं त्यांचे ओठ पुढे आले. त्यांनी ते घट्ट मिटून घेतले आणि वाटी तशीच हवेत धरून वाळू दिली.

"घ्या. आता चालेल."

गृहस्थ रुमालाकडे बघत होते. "नको. राहू द्या. मी जरा झोपतोच."

"मग हे माझे घ्या. घरी नीट पुसलेत, खरंच."

"नको, नको," ते घाईघाईनं म्हणाले, आणि दोन्ही हात बगलेत घालून खिडकीकडे वळले. वाईट वाटायला नको म्हणून त्यांनी डोळेसुद्धा मिटून घेतले. माणूस सभ्य होता, आणि बाईंना तेच जास्त लागलं.

"कधीपासून?" लेकीनं विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"आणि तू गप्प बसलीस."

"अगं, सुपरवायझरनंच सांगितलं होतं. स्पिरिटच यायचं नाही, तर आम्ही कशानं..."

"मी सुपरवायझरचं विचारतेय का? मी तुझं विचारतेय."

बाईंनी रुमालाची घडी घातली, मळकी बाजू आत करून. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी तो पुन्हा उलगडून मांडीवर ठेवला.

"हो. गप्प बसले. नव्या मुलींनाही तसंच शिकवलं."

"संध्याकाळी घरी येऊन म्हणायचीस, पुसून पुसून मनगट दुखतंय. मी बाम चोळून द्यायचे."

"दुखायचं गं. पोती ओढून दुखायचं."

"पण तू पुसून म्हणायचीस."

खोटं बोलायला सुरुवात कधी झाली ते बाईंना आठवेना. पहिल्या संध्याकाळी लेकीनं नेहमीसारखा बाम आणला, आणि त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला, एवढंच झालं असावं.

"मी वॉर्डात मुलींना काय सांगते, माहितीये ना तुला?"

"माहितीये."

"माहीत असून मला सांगू दिलंस."

लेकीचा आवाज चढला नव्हता. तिनं आरडाओरडा केला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. मुकाट ऐकून घेता आलं असतं, जमलं तर चार टिपं गाळता आली असती. लेकीनं गळ्यातले हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळून पुढच्या खुर्चीच्या खिशात ठेवली आणि पट्टा सोडून ती उठली. मागच्या बाजूला टॉयलेट होतं, तिकडे गेली.

बराच वेळ ती आली नाही. मध्ये हवाईसुंदरी पाणी देऊन गेली. बाईंनी लेकीचा ग्लास आपल्या समोरच्या फळीवर धरून ठेवला, हिंदकळू नये म्हणून.

लेक परत आली तेव्हा तिला साबणाचा वास येत होता. कानांजवळचे केस ओले होते आणि चोळून चोळून दोन्ही कान लालबुंद झाले होते. एक थेंब पाळीवरून सुटून मानेवर उतरत होता. ती शाळेत जाईपर्यंत, आणि त्यानंतरही किती वर्षं, डोकं धुऊन आली की बाईच तिचे कान टिपायच्या. त्यांचा हात आपोआप वर गेला.

लेकीनं मान बाजूला घेतली. फार नाही, बोटभरच.

बाईंनी हात मांडीवर आणून ठेवला, आणि तो पुन्हा उठू नये म्हणून त्यावर दुसरा ठेवला.