श्यामलाबाईंच्या टिपा

भीमसेन सरांची फाइल परत आली आणि मिटवलेल्या सगळ्या शंका पुन्हा समासात येऊन उभ्या राहिल्या. दीक्षाने कपाळाला हात लावला.

सरांचा भौतिकशास्त्राचा मराठी-कन्नड शब्दकोश एक संस्था छापणार होती, आणि त्या संस्थेच्या फायली दीक्षा रायापूरच्या भाड्याच्या खोलीत बसून तपासायची. एमएस्सी झाल्यापासून हेच काम. दिवसभरात कुणाशी बोलणं झालंच तर ते समासातल्या टिपांतून. दोष कुठे आहे हे तिला कळलं होतं. सर फाइल ओपन डॉक्युमेंटच्या जुन्या आवृत्तीत साठवत होते. त्या आवृत्तीत ‘शंका मिटली’ ही खूण टिकत नाही, आणि उत्तरही प्रश्नापासून सुटून वेगळं पडतं. आता तर संस्थेने जुनी आवृत्ती घेणंच बंद केलं होतं. सर फोनवर ‘बदलतो’ म्हणायचे आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी ती ‘चिगरी’ या शहर बसने हुबळीला, कमरीपेठेतल्या त्यांच्या घरी गेली.

“कुंद्र, बस जरा, चहा ठेवतो,” म्हणत सरांनी खुर्ची पुढे केली. दोन कप काढले. त्यातला एक त्यांना धुवून घ्यावा लागला.

चहा होईपर्यंत तिने आवृत्ती बदलली, एकेक शंका मिटवली, फाइल साठवून पुन्हा उघडली. समास स्वच्छ झाला होता.

सर कप हातात घेऊन तसेच उभे राहिले. “श्यामलाच्या कुठं गेल्या?”

श्यामला हे नाव दीक्षाच्या ओळखीचं होतं. निम्म्या टिपांखाली तेच असायचं. सरांची कुणी सहकारी असेल असं समजून तिने त्यांना कितीदा लिहिलं होतं, ‘मॅडम, हे मिटलं आहे.’ श्यामलाबाई सरांच्या पत्नी, हे तिला आता कळलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

सर हळूहळू बोलले. शब्दकोशाची पानं आधी जायची त्या दाजीबानपेठेतल्या छापखान्यात जुना संगणक होता, म्हणून ती आवृत्ती श्यामलाबाईंनीच ठेवलेली. पुढे छापखान्याने संगणक बदलला, सरांनी आवृत्ती बदलली नाही.

“शंका उघडी आली की मी पुन्हा उत्तर देतो,” ते म्हणाले. “दर वेळी वेगळं देतो. तिला माझं पहिलं उत्तर कधी पटायचंच नाही.”

दीक्षाने त्यांना समजावलं, की छपाईची फाइल नव्या आवृत्तीत जाईल आणि जुनी फाइल, होती तशी, त्यांच्याकडेच राहील. दुरुस्ती मात्र दोन्हीकडे करावी लागेल, ती आपण स्वतः करू.

“तुला दुप्पट काम.”

“मला वेळ आहे, सर.”

सरांनी पाठवलेली मूळ फाइल मेलमधून काढून तिने ती जुन्याच आवृत्तीत ठेवली. टिपा जागेवर आल्या. ‘जडत्व’पाशी श्यामलाबाईंनी लिहिलं होतं, ‘मुलं याला वजन समजतील.’ खाली सरांची उत्तरं सुटी-सुटी पडली होती. तिथे दीक्षाने लिहिलं, ‘मॅडमचं बरोबर आहे. शाळेत मीही तेच समजले होते.’

सरांनी चष्मा लावून ते वाचलं. “आता दोघींना उत्तर द्यायचं म्हणजे विचार करायला हवा,” म्हणाले, आणि इतका वेळ हातात धरलेला कप तिच्यापुढे ठेवला. चहा निवला होता. तिने तो पिऊन टाकला.

रायापूरला आल्यावर, चप्पल काढायच्या आधी, तिने मेल पाहिली. तिच्या टिपेला सरांचं उत्तर आलं नव्हतं. खिडकीखालून हुबळीकडे बस गेली. दिवा लावून तिने मेल पुन्हा पाहिली.