विचारलं तरच बाद

दरवर्षी बर्फ अजून रस्त्याच्या कडेला काळं पडून बसलेलं असताना मॅपल बेंडच्या हायस्कुलात, मुलांच्या जेवणाच्या हॉलमध्ये, अंपायर लोकांची नियमांची बैठक भरे. बैठक म्हणजे काय, तर टेबलांना जोडलेल्या बाकांमध्ये पोटं अडकवून बसलेली मोठी माणसं, भल्यामोठ्या भांड्यातली पातळ कॉफी आणि कुणाच्या तरी बायकोने पाठवलेले कोलाचे, म्हणजे आलुबुखार भरलेले गोड पाव. राजधानीतून, लिंकनहून, एकजण येई आणि शाळांच्या बेसबॉलमध्ये यंदा काय बदललं ते वाचून दाखवी. बॅटची जाडी, हेल्मेटचा पट्टा, चेंडू टाकणाऱ्या पिचरने हाताला फुंकर मारायची ती कुठे उभं राहून. डोरीन हाउगेनला ही संध्याकाळ मनापासून आवडे. चर्चमध्येसुद्धा माणसं इतकी गंभीर होत नाहीत, असं तिचं मत होतं, आणि तिथे कोलाचेही मिळत नाहीत.

त्या वर्षीचा वाचणारा तरुण होता, ट्रेंट नावाचा, कपाळ नुकतंच मोठं व्हायला लागलेला. शेवटच्या पानावर आल्यावर त्याने कॉफीचा घोट घेतला.

"आता हा बदल नीट ऐका. धावणाऱ्या पोराने बेस शिवला नाही, तर आजवर खेळ थांबल्यावर तुम्ही आपणहून त्याला बाद द्यायचात. यंदापासून ते बंद. समोरच्या संघाने दाद मागितली तरच. नाहीतर तुम्ही काही पाहिलेलं नाही."

हॉलमध्ये बाकं करकरली. तिन्ही बेस ओळीने पायाने शिवून होम प्लेटवर, फलंदाजाच्या पायाशी असलेल्या पांढऱ्या पाटीवर, परत आलं तरच धाव, हा खेळाचा पाया होता.

"कोचने नुसतं तोंडाने विचारलं तर?" कुणीतरी मागून म्हणालं.

"चालेल. कुठला धावणारा आणि कुठला बेस, एवढं सांगितलं की झालं."

"चुकीच्या बेसचं विचारलं तर?"

"त्या बेसचं उत्तर द्यायचं. बरोबर कुठला ते सुचवायचं नाही."

"भुवई उडवली तर?"

"भुवईसुद्धा नाही, ग्लेन. तुझी तर नाहीच. तुझी भुवई कुंपणाबाहेरून दिसते."

सगळे हसले. हसला नाही तो लुमीर कोवांडा. डोरीनच्या शेजारी तो हातात अर्धा कोलाचा धरून बसला होता. त्या खोलीतला सगळ्यांत जुना अंपायर. त्याच्या हाताखाली खेळलेल्या पोरांची पोरं आता खेळत होती.

"म्हणजे मला दिसलंय," तो सावकाश म्हणाला, "आणि मी कुंपणाच्या खांबासारखा उभा राहायचं."

"कुणी विचारेपर्यंत, लुमीर."

"आणि नाहीच कुणी विचारलं तर?"

"खेळाडू मैदान सोडून गेले की विषय संपला. मग त्याने तो बेस शिवला, असंच समजायचं."

"समजायचं," लुमीर म्हणाला, आणि कोलाच्याकडे अशा नजरेने बघत राहिला की जणू त्यातला आलुबुखारसुद्धा आता समजूनच घ्यायचा आहे.

लुमीरचं दुखणं डोरीनला कळत होतं. त्या पंचक्रोशीत त्याची ख्याती होती ती याच एका गोष्टीची. धूळ उडालेली असायची, चेंडू कुठे, पोरं कुठे, आईबापांची बोंबाबोंब, आणि सगळं शांत झालं की लुमीर प्लेटमागून दोन पावलं पुढे यायचा, मुखवटा काखेत धरायचा आणि मूठ वर करायचा. तिसरा बेस शिवला नाही. कुणी वाद घालायचं नाही. "लुमीरला दिसलं" म्हटलं की माणसं आपापल्या खुर्च्या घडी करून घरी जायची.

डोरीनलाही या खेळात त्यानेच ओढलं होतं. ती तेव्हा बियाण्यांच्या गोदामात नुकती लागलेली, धाकट्या भावाचा सामना बघायला आलेली. दुसरा अंपायर आला नव्हता, आणि डोरीन बाकावरून प्रत्येक निकालाला आवाज देत होती. लुमीर जाळीपाशी आला. "तिथून एवढं दिसतं तर आत ये," तो म्हणाला. "आतून बघ म्हणजे तोंड बंद होईल." ती आत गेली ती आजतागायत बाहेर आली नव्हती. तो प्लेटमागे, ती बेसांच्या मध्ये. नवरा आला, गेला. ही जोडी टिकली. ती चाळिशीच्या पार पोचली तरी लुमीर तिला पोरीच म्हणायचा.

त्या बैठकीनंतर डोरीनला चमत्कारिक स्वप्नं पडू लागली. स्वप्नात मैदान फार मोठं असे, पार धान्याच्या उंच कोठारापर्यंत, आणि बेस पांढऱ्या बदकांसारखे गवतावर तरंगत असत. गावातली सगळी माणसं त्यांच्याभोवती पळत. बँकेतली बाई, पाद्री, तिचा तो माजी नवरा, गोदामाचा मालक. प्रत्येकजण कुठला ना कुठला कोपरा चुकवून पुढे जाई आणि डोरीनला ते स्वच्छ दिसे. ती उभी. कुणी विचारत नसे. सगळे धापा टाकत घरी पोचत, आणि घरचे त्यांना मिठ्या मारत. जाग आली की तिला वाटे, नियम तसा वाईट नाही.

मार्चच्या वाऱ्यात सामने सुरू झाले आणि तिला पहिल्यांदा शंका आली.

लुमीर फलंदाजामागे बसलेल्या कॅचरच्या खांद्यावर वाकलेला असे. चेंडू येई, हातमोज्यात बसे, आणि निकाल यायच्या आधी एक बारीकशी फट पडे. पूर्वी तिथे काही नव्हतं, आता तिथे शांतता होती. बरेच दिवस डोरीनला कळेना की तो त्या शांततेत करतो काय. मग कळलं. तो ऐकत होता. हातमोज्याचा आवाज मधोमध बसला की स्ट्राइक, म्हणजे चेंडू नीट आलेला; कडेला फाटला की बॉल, म्हणजे बाहेरचा. इतक्या वर्षांचा कान, बहुतेक वेळा बरोबरच यायचं. पण प्लेट स्वच्छ असताना तो वाकून ब्रशने झाडायचा. एखादा चेंडू खाली पडला की कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून शोधायचा. एकदा तर त्याने तिसऱ्या बेसवरच्या पोराला बराच वेळ कोच समजून सूचना दिल्या. पोरानेही त्या मुकाट ऐकल्या, कारण सांगणारा लुमीर होता.

दोन सामन्यांच्या मधल्या वेळात ते त्याच्या पिकअपमध्ये बसून रन्झा नावाचे भरलेले पाव खात. कोबी आणि खिम्याचा वास काचांवर धुक्यासारखा चढे.

"यंदा वारा फार," लुमीर म्हणाला. "डोळ्यांत धूळ जाते."

डोरीनने घास थांबवला. हा प्रश्न आहे का, याचा तिने विचार केला. प्रश्न नव्हता.

"हो," ती म्हणाली. "धूळ आहे खरी."

तिला काय बोलायचं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तुला दिसत नाही, हे तीन शब्द. तेवढे बोलले की तो उद्यापासून घरी. त्या घरात त्याच्याखेरीज भिंतीवरचं घड्याळ होतं आणि एक म्हातारी मांजर, दोघंही त्याच्याशी फारसं बोलत नसत. आणि नाही बोललं तर एक दिवस कुठल्यातरी पोराचं नुकसान होणार. ती दोन्हीकडून विचार करी आणि रन्झा थंड होई. एप्रिल असाच गेला. मेमध्ये पत्र आलं की जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला प्लेटमागे लुमीर, बेसांवर डोरीन.

त्या संध्याकाळी कॉटनवुडची झाडं नेहमीपेक्षा लवकर फुटली होती. त्यांच्या कापसाच्या पांढऱ्या म्हाताऱ्या हवेत इतक्या हळू तरंगत होत्या की त्या पडताहेत की वर चालल्या आहेत ते सांगता येईना. ऊन आडवं झालं होतं, पोरांच्या सावल्या त्यांच्या आधी बेसवर पोचत होत्या. गवतात कुठेतरी माळचिमणी तेच तेच सूर पुन्हा पुन्हा बसवत होती. डोरीनला वाटलं, आपण कुणाच्यातरी फार जुन्या आठवणीत उभ्या आहोत, आणि ज्याची आठवण आहे तो आता उठेल.

बरोबरी होती. शेवटचा डाव, मॅपल बेंडची फलंदाजी, पहिल्या बेसवर त्यांचा एक पोरगा, उंच, सगळा कोपरेगुडघेच. फटका बसला तो उजवीकडच्या मोकळ्या गवतात. सगळे उठले. डोरीनचं काम होतं फटका मारणाऱ्या पोरावर नजर ठेवायचं. तिसरा बेस लुमीरचा होता. ती वळली, आणि वळता वळता डोळ्याच्या कोपऱ्यातून तिने पाहिलं. उंच पोरगा तिसऱ्या बेसला वळसा घालून गेला. बूट आणि बेस यांच्यात हातभर माती होती, उन्हात सोनेरी झालेली. एक म्हातारी त्या फटीतून आरामात तरंगत गेली.

पोरगा होम प्लेटवर आडवा पडला, मॅपल बेंडची पोरं जिंकल्याच्या आनंदात त्याच्यावर कोसळली.

समोरच्या संघाचा कोच होता वेंडेल स्काला, गोल चेहऱ्याचा, कायम चुइंगम चघळणारा. त्याने लहानपणी लुमीरच्या हाताखाली कितीतरी सामने खेळले होते. तो पायरीवर उभा राहिला. त्याच्या कपाळावर आठी होती, म्हणजे त्यालाही काहीतरी दिसलं होतं. पण तो काहीच बोलला नाही. तो लुमीरकडे बघत होता. त्याचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू लुमीरकडे बघत होता. कडेचे जुने लोकसुद्धा खुर्च्या घडी न करता थांबले होते, लुमीर दोन पावलं पुढे येईल, मुखवटा काखेत धरेल, मूठ वर करेल म्हणून. नियम बदलून तीन महिने झाले होते, आणि त्या संध्याकाळी तो डोरीनखेरीज कुणाच्याही लक्षात नव्हता.

लुमीर जागेवर उभा होता, मान किंचित तिरकी.

विचार, वेंडेल, डोरीन मनात म्हणाली. तोंड उघड, माणसा. तिने भुवई जागच्या जागी घट्ट धरून ठेवली.

वेंडेलने मान हलवली, टोपी काढून पुन्हा घातली आणि पोरांना हाक मारली. ती एकेक करत रेघेबाहेर गेली. त्या क्षणापासून उंच पोराने तिसरा बेस शिवलेला होता.

गाड्या लावायच्या जागेत लुमीर पिकअपच्या मागच्या फळीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. बोटांनीच गाठ शोधत होता, खाली न बघता. डोरीन शेजारी बसली. तेवढ्यात वेंडेल आला.

"सर, चांगला झाला सामना."

"तुझी पोरं छान खेळली, वेंडेल."

"मला क्षणभर वाटलं हो, त्या लांबड्याने तिसरा सोडला." वेंडेल हसला, गालातलं चुइंगम या बाजूचं त्या बाजूला गेलं. "विचारणार होतो. मग म्हटलं, लुमीर सर उगाच नाही गप्प उभे. सरांनी बाद दिलं नाही म्हणजे पोराने शिवलाच असणार."

लुमीरचे हात थांबले. वेंडेलने त्याच्या खांद्यावर थाप मारली, डोरीनला टोपी उचलून दाखवली आणि आपल्या पिवळ्या बसकडे निघून गेला. बस धूळ उडवत वळली. मैदान रिकामं झालं. म्हाताऱ्या अजून तरंगतच होत्या, कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना खेळ संपल्याचं.

"पोरी," लुमीर म्हणाला, "तिसरा शिवला का त्याने?"

"मैदान सोडलंय सगळ्यांनी. आता विचारून उपयोग नाही."

"मी त्या पोराचं नाही विचारत." त्याने एक बूट काढून शेजारी नीट ठेवला. "रीतसर विचारतो. धावणारा लुमीर कोवांडा. बेस तिसरा. दाद मागतोय."

डोरीनने कोठाराकडे पाहिलं. कोठारावरचं ऊन वरवर सरकत होतं.

"बाद," ती म्हणाली.

लुमीरने मान हलवली. त्याने वाद घातला नाही. अंपायरशी वाद घालणाऱ्यांबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतंच.

"कधीपासून दिसतंय तुला?"

"मार्चपासून."

"बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

तो हसला, नाकातल्या नाकात, मग खांदे हलेपर्यंत. "त्या लिंकनच्या पोराने चांगलंच शिकवलं की तुला." मग म्हणाला, "पण वेंडेलची पोरं घरी चाललीत. ते वाईट झालं. मला वाटायचं मी न बघता उभा राहिलो तर कुणाचं काही जाणार नाही. माझ्या गप्प बसण्यावरसुद्धा लोक विसंबतात, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं."

"माझ्याही नाही," डोरीन म्हणाली. "मी मार्चमध्येच बोलायला हवं होतं. मलाही वाटायचं माझ्या गप्प बसण्याने काही बिघडत नाही."

त्याने दुसरा बूट काढून पहिल्याच्या टाचेला टाच लावून ठेवला. त्याने तिचं म्हणणं मान्य केलं हे तिला कळलं, आणि त्यातच माफीही आली, दोघांच्या वाट्याची निम्मी निम्मी.

"सोमवारी फोन करतो ट्रेंटला," तो म्हणाला. "मीच करतो. तू नको."

"मी शेजारी बसते."

"बस." त्याने डोळे चोळले. "गंमत सांगू? मधलंच गेलंय फक्त. कडेचं सगळं आहे. ही कापसं दिसतात, कोठार दिसतं. जे बघायला जावं ते पुसलं जातं. आता तुला बघायचं तर मला तुझ्याकडे बघून चालत नाही. त्या कुंपणाकडे बघावं लागतं."

"मग बघ कुंपणाकडे."

त्याने कुंपणाकडे पाहिलं. डोरीन फळीवर थोडी सरकली, इकडे, मग आणखी थोडी, त्याच्या नजरेच्या कडेला नीट बसेपर्यंत.

"आता?" तिने विचारलं.

"आता आलीस," लुमीर म्हणाला. "केसांत कापूस अडकलाय तुझ्या."

तिने तो काढला नाही. ऊन कोठाराच्या टोकावरून उतरलं, तेव्हा तिने हात पुढे केला. लुमीरने खिशातून पिकअपची किल्ली काढली आणि तिच्या हाताकडे न बघता तळव्याच्या बरोबर मधोमध ठेवली.